नाळ सोडा, सोंड धरा: हिवाळी हिमालयात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हिमस्खलनाचे मार्गदर्शन

सह्याद्रीत वाट काढणारा माणूस नाळ शोधतो. कातळात जिथे पाण्याने घळ कोरली, तिथेच वर जायला जागा मिळते, आणि हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या कितीतरी वाटांनी ही सवय आपल्या अंगात मुरवली आहे. बर्फात हीच सवय जिवावर बेतते. घळीतून उन्हाळ्यात पाणी वाहते आणि हिवाळ्यात बर्फ कोसळतो, म्हणजे आपल्याला सोयीची वाटणारी वाट हिमस्खलनाचीही असते. त्यामुळे सह्याद्रीत पायाखालची पकड जितकी बघता, तितकेच इथे डोक्यावर काय टांगले आहे ते बघावे लागते.

हा लेख डिसेंबर ते एप्रिल या काळात उत्तराखंड, हिमाचल किंवा काश्मीरमध्ये पहिला बर्फाळ ट्रेक किंवा पहिले सोपे शिखर करणाऱ्यांसाठी आहे. तो वाचून बेसिक माउंटेनियरिंग कोर्सची गरज संपत नाही. मात्र आयोजकाला कोणते प्रश्न विचारायचे आणि कुठे पाय मागे घ्यायचा, एवढे यातून नक्की कळेल.

१. ठिकाण आणि महिना एकत्र ठरवा

"हिमालयात बर्फ आहे" या वाक्याला फारसा अर्थ नाही. पीर पंजाल आणि मनालीच्या बाजूला बर्फ भरपूर पडतो, हवा तुलनेने उबदार असते आणि थर लवकर जड होतो. लडाखकडे बर्फ थोडा, थंडी कडक आणि जमिनीलगतचा थर आठवडेच्या आठवडे सुटा राहतो. मधल्या मुख्य रांगेत दोन्ही प्रकारांची सरमिसळ असते. थोडा बर्फ म्हणजे थोडा धोका, हा हिशेब सपशेल चुकीचा आहे. पातळ आणि थंड थर अनेकदा जास्त कच्चा असतो.

हिवाळ्यातला बर्फ मुख्यतः पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेमुळे, पडतो. एक विक्षोभ येतो, एक-दोन दिवस बर्फ होतो, मग लख्ख ऊन पडते. सगळ्यात फसवा दिवस तो उन्हाचाच. फोटो सुंदर येतात, तुकडीत उत्साह असतो आणि उतारावरचा नवा बर्फ अजून बसलेला नसतो.

केदारकांठा (सुमारे ३,८०० मीटर) आणि फ्रेंडशिप पीक (५,२८९ मीटर) ही दोन नावे आपल्याकडच्या ग्रुपवर एका दमात घेतली जातात. केदारकांठ्याची बरीचशी वाट जंगलातून आणि सोंडेवरून, म्हणजे डोंगराच्या पुढे आलेल्या धारेवरून, जाते. फ्रेंडशिपला हिमनदी, लांब उघडे उतार आणि वरून लोटणारा बर्फ आहे. जानेवारी-फेब्रुवारीत ते नवख्यांचे शिखर नाही, जाहिरात काहीही म्हणो.

२. बर्फ सुटतो कसा ते समजून घ्या

माणसे मारणारे बहुतेक हिमस्खलन स्लॅबचे असते. रव्याच्या थरावर फरशी ठेवून पाट तिरका केला की काय होईल, ते डोळ्यासमोर आणा. वरची फरशी म्हणजे वाऱ्याने किंवा स्वतःच्या वजनाने घट्ट झालेला बर्फ. खालचा रवा म्हणजे कमकुवत थर. हा रवा मुख्यतः दोन प्रकारे तयार होतो.

जमीन शून्य अंशाच्या आसपास आणि वरची हवा फार थंड असेल, तर बर्फाच्या आत वाफ वर सरकते आणि कणांचे सुटे खडे होतात. दर १० सेंटिमीटरला साधारण १ अंशापेक्षा जास्त फरक पडला की हे सुरू होते. मुठीत घेतला तर असा बर्फ जाड्या साखरेसारखा गळून जातो, गोळा होत नाही. निरभ्र, थंड रात्री पृष्ठभागावर पिसासारखे दहिवराचे स्फटिकही उगवतात. ते दिसायला देखणे, पण त्यावर नवा बर्फ पडला की तीच पिसे घसरपट्टी होतात.

फरशी मोडायला तुमचे वजन पुरते. अपघातात सापडलेल्या तुकडीतल्याच कोणीतरी स्लॅब सुरू केलेला असतो, हे पुन्हा पुन्हा दिसते. म्हणून "आपल्या पुढे दहा जण गेले, काही झाले नाही" याला पुरावा समजू नका. अकरावा माणूस थर जिथे पातळ आहे नेमक्या त्या जागी पाय ठेवू शकतो.

३. उताराचा कोन मोजा

बर्फाच्या आत काय चालले आहे याचा अंदाजच करावा लागतो. कोन मात्र मोजता येतो. नवख्याच्या हातातले हेच सर्वात पक्के हत्यार आहे.

स्लॅब प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, त्यातही ३८ अंशांच्या आसपास सर्वाधिक. ३० च्या खाली सुटणे विरळ. पण तुम्ही २० अंशांवर चालत असाल आणि वर ३८ अंशांचा उतार टांगलेला असेल, तर तुमचे २० अंश कामाचे नाहीत.

घरी, नकाशावर: १:५०,००० च्या नकाशात समोच्च रेषांचे अंतर ४० मीटर असेल, तर दोन रेषांमध्ये १.४ मिलिमीटरपेक्षा कमी जागा म्हणजे उतार ३० अंशांच्या वर. ०.८ मिलिमीटर म्हणजे ४५ अंश. कोनानुसार रंग भरणारे नकाशे ॲपवर मिळतात, ते वापरा. मात्र त्यामागची माहिती बहुधा ३० मीटरच्या चौकटींची असते. १५ मीटर उंचीचा तीव्र टप्पा त्यात विरघळून जातो आणि उतार आहे त्यापेक्षा सौम्य दिसतो. रंग २७ अंशांचा दिसला तरी ३० चाच धरा.

डोंगरावर, फोनने: काठी उताराच्या दिशेने बर्फावर निजवून ठेवा, तिच्यावर फोन ठेवून कोनमापक ॲप बघा. नुसता फोन बर्फावर ठेवलात तर छोट्या खड्ड्याचा कोन मोजाल.

फोन थंडीने बंद पडला तर दोन काठ्या घ्या, दोन्ही एकाच लांबीच्या:
– एक काठी उताराच्या दिशेने बर्फावर दाबून ठसा उमटवा आणि उचला.
– तिचे टोक ठशाच्या वरच्या खुणेवर ठेवा, मूठ खालच्या दिशेला झुकवा.
– त्या मुठीला दुसरी काठी मुठीतून धरून सरळ खाली लोंबू द्या. पहिली काठी एवढीच झुकवा, की लोंबणाऱ्या काठीचे टोक बर्फाला जेमतेम टेकेल.
– टोक ठशाच्या खालच्या खुणेवर टेकले तर ३० अंश. खुणेच्या खाली टेकले तर जास्त, वर टेकले तर कमी. १२० सेंटिमीटरच्या काठ्यांना दर १० सेंटिमीटरला साधारण ३ अंश धरा.

हे प्रात्यक्षिक पर्वतीच्या किंवा कान्हेरीच्या टेकडीवर मातीच्या उतारावरही करता येते. पन्नास वेळा केले की नजर बसते.

तंबूच्या जागेसाठी वेगळा कोन बघा. तंबूच्या दारातून समोरच्या उताराच्या माथ्याकडे कोनमापक धरा. कोन २० अंशांहून बराच जास्त असेल आणि मध्ये मोठा अडसर नसेल, तर मोठे हिमस्खलन तुमच्यापर्यंत पोहोचू शकते. झाडेही बोलतात. भूर्ज-देवदाराच्या रानात मधूनच उभा मोकळा पट्टा, वरच्या बाजूच्या फांद्या तुटलेली झाडे किंवा सगळे बुंधे खालच्या दिशेला वाकलेले दिसले, तर ते मैदान तंबूसाठी नाही. सपाट, वाऱ्यापासून आडोशाची, पाण्याजवळची अशी नेमकी हीच जागा सगळ्यांना आवडते.

४. इशारे कुठून घ्यायचे, कसे वाचायचे

भारतात हिमस्खलनाचे इशारे डीआरडीओची डीजीआरई ही संस्था देते. मनालीत सुरू झालेली हिमस्खलनाचा अभ्यास करणारी जुनी संस्था 'सासे' २०२० मध्ये तिच्यात विलीन झाली. इशारे जिल्हावार असतात, त्यात उंची आणि १ ते ५ अशी धोक्याची पातळी असते. राज्य आपत्ती व्यवस्थापनाकडून ते पुढे जातात. हवामान खात्याचा बर्फवृष्टीचा अंदाज वेगळा असतो, तोही बघा.

इथे दोन ठिकाणी घसरायला होते. पहिले, पाचपैकी ३ म्हणजे मधले, म्हणून ठीक, असे वाटते. पातळ्या जिन्याच्या पायऱ्यांसारख्या समान अंतराच्या नसतात. ३ वर एका माणसाच्या वजनाने स्लॅब सुटणे शक्य असते, आणि आल्प्समध्ये बहुसंख्य मृत्यू २ आणि ३ पातळीच्या दिवशीच होतात, कारण ४-५ ला लोक घरी बसतात. दुसरे, जिल्ह्याचा इशारा तुमच्या उताराबद्दल काही सांगत नाही. "२,८०० मीटरच्या वर" असे असेल तर आधी तुमच्या मुक्कामाची उंची आणि डोक्यावरच्या उताराची उंची तपासा. मुक्काम २,६०० वर असला तरी वरचा माथा ३,४०० वर असतो.

रस्त्यावर आहोत म्हणून सुरक्षित, हाही गैरसमज काढा. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये नाथूला रस्त्यावर ७ पर्यटक हिमस्खलनात गेले. २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथजवळ माणा इथे सीमा रस्ते संघटनेच्या छावणीवर हिमस्खलन आले, ५४ कामगार अडकले आणि ८ जण दगावले. यांतले कोणीही शिखर चढत नव्हते.

५. साहित्य: काय हवे, कुठे फसगत होते

हिमस्खलनासाठी तीनच वस्तू, पण प्रत्येकाकडे तिन्ही:
– बीकन: गाडलेल्या माणसाला शोधण्यासाठी सिग्नल पाठवणारे आणि पकडणारे यंत्र. ४५७ किलोहर्ट्झवर चालणारा, तीन अँटेनांचा. जॅकेटच्या आत, अंगाला पट्ट्याने बांधून. सॅकमध्ये नाही.
– प्रोब: बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब सळई, किमान २४० सेंटिमीटर.
– फावडे: धातूच्या पात्याचे. कोसळलेला बर्फ थांबताच सिमेंटसारखा घट्ट होतो. प्लास्टिकचे पाते मोडते, आणि हाताने उकरणे तर विसराच.

बीकनमध्ये उत्पादकाने सांगितलेल्याच बॅटऱ्या घाला, बहुतेकांना अल्कलाइन लागतात. चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या उरलेली पातळी चुकीची दाखवतात. फोन, गोप्रो, गरम होणारे हातमोजे बीकनपासून चालताना किमान २० आणि शोधताना ५० सेंटिमीटर लांब ठेवा.

भारतात बीकन भाड्याने मिळवणे सोपे नाही, हे खरे. तो नसेल तर नियम बदलतो: ३० अंशांच्या वरचा बर्फाळ उतार नाही, आणि अशा उताराच्या खालून जाणेही नाही. तीन जणांकडे बीकन आणि सात जणांकडे नाही, ही तुकडी बीकन नसलेलीच समजा.

चालण्यासाठीच्या साहित्यात एक नेहमीची गफलत होते. केदारकांठ्याच्या पायथ्याच्या सांकरीसारख्या गावात भाड्याने "क्रॅम्पॉन" म्हणून जे मिळते ते बहुधा मायक्रोस्पाइक असतात, म्हणजे रबर आणि साखळीला लावलेले छोटे दात. मळलेल्या वाटेवर ते उत्तम, कडक तीव्र उतारावर अपुरे. खऱ्या क्रॅम्पॉनला १० किंवा १२ लांब दात असतात आणि ताठ तळव्याचे बूट लागतात. ट्रेकिंगच्या मऊ बुटावर ते चढवले तर ऐन उतारावर निसटतात. दुपारच्या ओल्या बर्फात दोन्हींच्या खाली बर्फाचा गोळा चिकटतो, तो दर काही पावलांनी काठीने ठोकून पाडावा लागतो.

आइस ॲक्स (बर्फाची कुदळ) घेतली तर सेल्फ अरेस्ट, म्हणजे घसरताना तिने स्वतःला थांबवणे, शिकूनच घ्या. सराव अशा छोट्या उतारावर करा, जिथे खाली सपाट मैदान आहे, आणि क्रॅम्पॉन काढून. दात अडकले की घोटा मोडतो.

बाकी: हेल्मेट, गेटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर चढवायचे आवरण), श्रेणी ३ किंवा ४ चा गॉगल, दोन जोड हातमोजे आणि एक राखीव, हेडलॅम्प. गॅसचा डबा विमानात आणि रेल्वेत नेता येत नाही, तो तिकडेच घ्या. निव्वळ ब्युटेनचा गॅस शून्याखाली पेटायला नखरे करतो, म्हणून प्रोपेन मिसळलेला मागा.

६. कागदपत्रे

– आधार किंवा अन्य ओळखपत्र, मूळ आणि तीन छायाप्रती
– डॉक्टरांचे आरोग्य प्रमाणपत्र
– वनविभागाची प्रवेश परवानगी (केदारकांठ्याचा परिसर गोविंद वन्यजीव अभयारण्यात येतो)
– शिखर असेल तर इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशनची किंवा तिथे लागू असलेली स्थानिक परवानगी
– विमा, ज्यात तुमची उंची आणि हेलिकॉप्टरने सुटका दोन्ही लिहिलेले आहे. "साहसी खेळ वगळून" ही बारीक अक्षरातली ओळ शोधा
– घरी आणि स्थानिक पोलीस चौकीत ठेवायचा कागद: नावे, वाट, मुक्काम, परतीची वेळ

बर्फवृष्टीनंतर जिल्हा प्रशासन ट्रेकवर तात्पुरती बंदी घालते. निघण्याआधी विचारा. बंदीत गेलात तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयते कारण मिळते.

सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारे उपकरण परवान्याशिवाय भारतात बाळगता येत नाही. अमेरिकेतून किंवा युरोपातून सुट्टीला येणाऱ्या मराठी ट्रेकर्सनी हे खास लक्षात ठेवावे. तिकडे प्रत्येकाच्या सॅकला लटकणारे हे यंत्र इथल्या विमानतळावर अटकेपर्यंत नेऊ शकते.

७. डोंगरावर: रोज सकाळी आणि दर उताराआधी

सकाळी निघताना एक जण पुढे उभा राहतो, बाकीचे एकेक करून त्याच्यासमोरून जातात. प्रत्येकाचा बीकन सिग्नल देतो का, हे तपासायला दोन मिनिटे लागतात.

यांतले एक जरी दिसले तरी ३० अंशांवरचा उतार त्या दिवशी बंद:
– आसपास ताजे हिमस्खलन झालेले दिसणे. निसर्गाने याहून स्पष्ट पत्र लिहिलेले नाही.
– पायाखाली "धप्प" असा पोकळ आवाज, आणि आजूबाजूचा बर्फ किंचित खाली बसल्यासारखा वाटणे. कमकुवत थर तुमच्याखाली मोडला, उतार असता तर तुम्ही त्याच्यासोबत गेला असतात.
– पावलापासून पुढे पळत जाणारी भेग.
– गेल्या २४ तासांत ३० सेंटिमीटर किंवा जास्त नवा बर्फ. जोराचा वारा असेल तर १०-२० सेंटिमीटरही पुरे.
– तापमान झपाट्याने शून्यावर चढणे, किंवा बर्फावर पाऊस.

वाऱ्याबद्दल थोडे सविस्तर, कारण तो आभाळ स्वच्छ असतानाही काम करतो. धारेच्या एका बाजूचा बर्फ खरवडून तो दुसऱ्या बाजूला टाकतो, तेही बर्फवृष्टीच्या कित्येक पट वेगाने. धारेवरून उडणारा पांढरा धूर दिसला, तर तो ज्या बाजूला पडतोय ती बाजू टाळा. तिथला बर्फ गुळगुळीत, फुगीर आणि ढोलासारखा वाजतो. धारेच्या टोकाला कॉर्निस, म्हणजे वाऱ्याने बाहेर आलेला बर्फाचा छज्जा, लटकते. ती आपण उभे असतो तिथून दिसतच नाही आणि तुटते तेव्हा वाटते त्यापेक्षा बरीच आतून तुटते. फोटोसाठी कडेला जाण्याचा मोह तिथे आवरा.

वाट निवडताना पहिली पसंती सोंडेला, ज्या बाजूने वारा येतो त्या अंगाने. मग दाट जंगल. शेवटी घळ, आणि तीही फक्त पहाटे गोठलेली असताना. मार्च-एप्रिलमध्ये ऊन लागणारे उतार दुपारच्या आत सोडा. बूट पोटरीपर्यंत ओल्या बर्फात जाऊ लागला म्हणजे उशीर झालेला आहे. रात्री ढगाळ असेल तर बर्फ नीट गोठत नाही, मग पहाटेचाही भरवसा नाही.

संशयाचा उतार आडवा मारावाच लागला तर: एका वेळी एकच माणूस, बाकीचे सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवून. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढा. उतार शक्य तितका वरून ओलांडा, म्हणजे डोक्यावर कमी बर्फ राहतो. खाली काय आहे तेही बघा. खाली घळ किंवा दरी असेल तर छोटे स्खलनही माणसाला खोल गाडते.

बर्फ खणून थरांची चाचणी करणे आकर्षक वाटते. ३० सेंटिमीटर चौरस खांब कापून त्यावर मनगट, कोपर आणि खांद्यातून दहा-दहा थापा मारायच्या, ही पद्धत कोर्समध्ये शिकाल. पण नवख्याने तिचा उपयोग "जाऊ नये" ठरवण्यापुरताच करावा. खांब मोडला नाही म्हणून उतार पास, असा अर्थ कधी काढू नका. वीस पावलांवर थर वेगळा असू शकतो.

८. थंडी, उजेड, उंची

दर १,००० मीटरला तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरते. उणे १० अंशांत ताशी ४० किलोमीटर वारा असेल, तर उघड्या कातडीला ते उणे २१ वाटते. डिसेंबर-जानेवारीत उजेड जेमतेम दहा तास. माथा गाठला नसला तरी परत फिरायची वेळ आदल्या रात्रीच ठरवा, माथ्याजवळ कोणी शहाणे राहत नाही. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. पाण्याची बाटली उलटी ठेवा, बर्फ आधी वरच्या बाजूला धरतो आणि झाकण मोकळे राहते.

९. कोणी गाडले गेले तर

स्वतः सापडलात तर ओरडा, काठ्या सोडा, कडेला निसटण्यासाठी झगडा. वेग मंदावताना हात तोंडासमोर आणा, श्वासापुरती पोकळी राहू द्या.

बाहेर असलेल्यांसाठी घड्याळ क्रूर आहे. पहिल्या १० मिनिटांत बाहेर काढलेली बहुतेक माणसे जगतात, अर्ध्या तासानंतर काढलेली बहुतेक जगत नाहीत. हेलिकॉप्टर तासांनी येते. वाचवणारे तुम्हीच.

– तो शेवटचा कुठे दिसला ती जागा डोळ्यांत पकडा. पुन्हा बर्फ येण्याचा धोका बघा, एकाला पहारा द्या.
– सगळ्यांनी बीकन शोधण्याच्या स्थितीवर घ्या. एकाचा जरी पाठवत राहिला तरी सगळे त्याच्याचकडे धावतील.
– शेवटच्या जागेपासून खाली, साधारण ४० मीटर रुंदीच्या पट्ट्यांत फिरा. हातमोजा, काठी, टोपी वर दिसते का बघा.
– सिग्नल मिळाला की बीकनवरच्या बाणामागे जा. अंतराचा आकडा ३ मीटरच्या खाली आला की वेग कमी करा, बीकन बर्फाला टेकवा, न फिरवता उभे-आडवे सरकवा. सर्वात लहान आकड्याची जागा धरा.
– तिथून प्रोब, उताराला काटकोनात, २५ सेंटिमीटरच्या अंतराने बाहेर वळत जाणाऱ्या चकलीसारखा. लागला की प्रोब तिथेच ठेवा.
– प्रोबच्या डोक्यावरून खणू नका, माणसाची पोकळी तुडवाल. जितका खोल, त्याच्या दीडपट अंतर खालच्या बाजूला जाऊन आडवे आत खणा. एक मीटर खोलीलाही टनभर बर्फ हलवावा लागतो, म्हणून दर मिनिटाला पुढचा माणूस बदला.

हे सगळे महाराष्ट्रातही घोटवता येते. नांगरलेल्या शेतात किंवा समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत डब्यात घातलेला बीकन पुरा आणि मित्राला घड्याळ लावून शोधायला सांगा. पहिल्या वेळी बहुतेकांना इतका वेळ लागतो की हसू यायचे थांबते.

चेहरा आधी मोकळा करा, तोंडातला बर्फ काढा. श्वास नसेल तर सीपीआर तोंडाने श्वास देऊनच करा, कारण इथे मृत्यू गुदमरून येतो, नुसती छाती दाबून भागत नाही. श्वास असेल तर त्याला आडवाच ठेवा, हळू हलवा, ओले कपडे बदला, खाली मॅट घाला, वरून स्लीपिंग बॅग. "चल, उठ, चालून ऊब येईल" असे म्हणून उभे करू नका. ११२ ला फोन लागत असेल तर जागेचे अक्षांश-रेखांश, किती जण आणि किती वाजता, एवढेच आधी सांगा. फोन लागत नसेल तर शिटी किंवा टॉर्चने मिनिटाला सहा इशारे, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा.